तिकडचा हिवाळा

थेरगाव,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोनिका,

नमस्कार. तू आणि तुझ्या घरचे सगळे बरे असाल असं धरून चालते. आमच्याकडे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात. अण्णा निवृत्त झाले तरी कंपनीची बस चुकेल अशा घाईने उठतात आणि मग करायला काही नसलं की पेपरवाल्याची वाट बघत जिन्यात उभे राहतात. डांगे चौकातली गर्दी तू पाहिली होतीस त्याच्या दुप्पट झाली असेल. तुमच्या माणला मागच्या महिन्यात जाणं झालं. मेट्रोचे खांब, उंच इमारती, नवे रस्ते. तुमचं घर कुठल्या गल्लीत होतं तेच मला उमगेना.

माझं अक्षर बघून तू चकित होशील. आठ वर्षांनी, तेही कागदावर. मोबाइलवर लिहायला घेतलं की मी पुसत बसते, शेवटी काहीच उरत नाही. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. दिव्याताईंकडे मागेन. आधी लिहून तर होऊ दे.

दिव्याताई म्हणजे आपल्या शिष्यवृत्तीच्या माजी विद्यार्थ्यांची जी असोसिएशन आहे, तिच्या पिंपरी-चिंचवड शाखेच्या सचिव. आपण गेलो तेव्हा ही शाखा नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण घेऊन घरी आल्या. मी चहा ठेवला आणि सांगून टाकलं, "मॅडम, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. मी पदवी पूर्ण केली नाही. थंडी मानवली नाही, वर्षाच्या आतच परत आले."

"शिष्यवृत्ती मिळाली होती ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"विमानात बसला होतात ना?"

"हो."

"मग या. आणि मॅडम म्हणू नका, मी चिंचवडची आहे."

मी गेले. आकुर्डीतलं सभागृह निम्मं भरलेलं होतं. एकेकाने उठून नाव, वर्ष, शहर आणि पदवी सांगायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी नाव, वर्ष आणि शहर सांगितलं आणि खाली बसले. कुणी पुढचं विचारलं नाही. शेजारच्या बाईंनी फक्त माझ्या ताटात आणखी एक जिलबी वाढली. घरी येताना लक्षात आलं की ड्रेस्डेनचं नाव मी कितीतरी वर्षांनी मोठ्याने उच्चारलं होतं.

तेव्हापासून मी असोसिएशनमध्ये चांगलीच अडकले आहे. नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, क्वालिटी खात्यात. आठवडाभर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जीव जातो, पण शनिवारी निगडीला जर्मन बोलण्याच्या वर्गाला जायचा कंटाळा येत नाही. महाळुंगेच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही विज्ञानाचे प्रयोग घेऊन जातो. लिंबांना तारा जोडून मी छोटा दिवा लावून दाखवला, तर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "मग ह्या लिंबाचं सरबत गरम लागतं का?" परदेशी पाहुणे आले की त्यांना कारखाना आणि मिसळ दोन्ही दाखवायचं, असा दिव्याताईंचा नियम आहे. मागच्या संक्रांतीला ब्राझीलचा एक माजी विद्यार्थी आला होता. त्याला त्यांनी हळदीकुंकवाला बसवलं आणि वाण म्हणून चहाची गाळणी दिली. तो ती उंच धरून सगळ्यांबरोबर फोटो काढत होता.

हसलीस ना? तू हसावंस म्हणूनच लिहिलं. पुढचं लिहायला सोपं जाईल.

जुलैमध्ये नव्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी 'जाण्यापूर्वी' नावाचा दिवसभराचा कार्यक्रम असतो. व्हिसा, बँक, विमा, बॅगा. कुकर न्यावा की नाही यावर दरवर्षी वाद होतो. गेल्या जुलैत दिव्याताईंनी मला विषय दिला, 'तिकडचा हिवाळा'. म्हणाल्या, "थंडीचा त्रास तुम्ही सोसलाय. तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार?" त्यांच्या मनात काही नव्हतं. मी सांगितलं होतं तेच त्यांनी खरं धरलं होतं.

अण्णाही बरोबर आले. कार्यक्रमात जेवण होतं, आणि दुपारी घरी बसून त्यांना करमत नाही. ते मागच्या रांगेत बसले.

मी सगळी चित्रं तयार केली होती. आतले गरम कपडे, जाड तळाचे बूट, मोजे, कानटोपी, ओठ फुटू नयेत म्हणून काय लावायचं. निम्मं झालं असेल, तोवर पुढच्या रांगेतल्या एक नऊवारीतल्या बाई उठल्या. शेजारी त्यांचा मुलगा लाजून त्यांचा पदर ओढत होता. महाळुंगेच्या गिरजाबाई, आणि तो प्रज्वल.

"ताई," त्या म्हणाल्या आणि दिव्याताईंकडे हात केला, "थंडीनं तुमाला माघारी यावं लागलं, असं ह्या ताई म्हणत्यात. माझ्या पोराला बारक्यापासनं सर्दी हुती. त्यालाबी माघारी यावं लागलं तर?"

मोनिका, मला 'होणार नाही, काळजी करू नका' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या इतक्या खऱ्या काळजीने विचारत होत्या की माझ्याच्याने थंडीचं ते खोटं पुन्हा बोलवेना. मी म्हटलं, "मावशी, थंडीने कुणी परत येत नाही. स्वेटर तिकडेही मिळतात. मी थंडीने परत आले नाही."

मग थांबता येईना. मी सांगितलं की मला अंथरुणातून उठता येत नव्हतं. वर्गाला जाणं सुटलं होतं, जेवण सुटलं होतं. घरून फोन आला की मी उठून केस विंचरायची आणि 'सगळं ठीक आहे, अभ्यास खूप आहे' असं सांगून पुन्हा पडायची. मला सकाळ झालेली नको असायची. जगावंसं वाटत नव्हतं, हे शब्द मी डॉक्टरांशिवाय कुणासमोर उच्चारले नव्हते, ते माइकवर उच्चारले. आणि म्हणाले, "माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहायची. कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ मी तिला घातली होती. तरी तिने माझ्या वडिलांना फोन केला. म्हणून मी आज इथे उभी आहे."

तुझं नाव घेतलं नाही. तुला विचारलं नव्हतं ना.

गिरजाबाई अजून उभ्याच होत्या. "मग तसं झालं तर काय करायचं, ते सांगा," त्या म्हणाल्या. "सवेटरचं ऱ्हाऊ द्या."

त्यानंतरचा तासभर आम्ही तेच बोललो. चहा उशिरा आला, बँकेचं सत्र मागे गेलं. दिव्याताईंनी एकदाही घड्याळ दाखवलं नाही. त्या दिवसातूनच असोसिएशनचा 'रविवारचा फोन' सुरू झाला. जाणाऱ्या प्रत्येकाला एक जुना सोबती द्यायचा, आणि त्याने दर रविवारी फोन करायचा. परीक्षेचं विचारायला नव्हे, नुसतं बोलायला.

परत येताना अण्णा स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. डांगे चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा कानाशी म्हणाले, "बरं झालं सांगितलीस, माय. थंडी थंडी म्हणून माझाच जीव विटला होता. गावाकडं कुणाला खरंबी वाटत नव्हतं."

वर मी तुलासुद्धा 'थंडी मानवली नाही' असंच लिहून गेले. तुला, जी रोज संध्याकाळी भाताची वाटी घेऊन माझं दार ठोठावायची. बघ, सवय किती घट्ट असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

प्रज्वलचा सोबती म्हणून मलाच नेमलं. तो सप्टेंबरमध्ये गेला. पहिले दोन-तीन महिने उत्साह होता. पहिला बर्फ पडला त्याचा फोटो, जळलेल्या पोळीचा फोटो, आफ्रिकेतल्या मित्राला मराठी शिकवल्याचा व्हिडिओ. डिसेंबरपासून कॅमेरा बंद झाला. "सगळं ठीक आहे, ताई. अभ्यास खूप आहे." हे वाक्य मी ओळखते. ते माझंच होतं.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी तो रडला आणि सगळं बोलला. बोलून झाल्यावर म्हणाला, "आईला सांगू नका. तिने सगळ्या गावात पेढे वाटलेत. तुम्हाला शपथ आहे." आणि मी 'बरं' म्हटलं.

दिव्याताईंना मात्र लगेच कळवलं. तो ज्या शहरात आहे तिथे आपले दोघे माजी विद्यार्थी राहतात. ते त्याच्या दारापर्यंत जाऊन आले. त्याने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच. तो माझ्या फोनवर फक्त 'आहे मी' एवढं लिहायचा. मी ते 'बरं' घेऊन कंपनीत जात होते, येत होते. मी शब्द मोडला तर तो माझ्याशीही बोलणं बंद करेल, मग त्याला कोण उरेल, या भीतीने काही सुचत नव्हतं.

शेवटी गेल्या शनिवारी कंपनीच्या बसऐवजी स्कूटर नेली आणि पहिली पाळी संपल्यावर, चाकणहून घरी न येता महाळुंगेला गेले. त्यांचं घर दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये आहे. अंगणापर्यंत ट्रक लागलेले असतात. गिरजाबाई भाकरी करत होत्या. त्यांचे मालक सोनबा बाजेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

मला वाटलं होतं आकांत होईल. गिरजाबाईंनी तवा खाली उतरवला, हात पुसले.

"जेवतो का?"

"कमी."

"दार उघडतो का कुणाला?"

"नाही."

"मला सांगू नगा म्हनला आसंल."

"हो. शपथ घातली होती."

"तरी आलात." मग सोनबांना म्हणाल्या, "फोन लावा पोराला. मी बोलते."

आईचा फोन त्याने उचलला. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "पेढ्यांची काळजी करतो व्हय तू? पेढे खाऊन लोक कवाच इसरले. ऐक माझं. तुझ्या दाराशी मानसं येत्यात, त्यांना आत घे. आज घे. मी फोन ठेवत न्हाई तवर." आणि खरंच त्यांनी फोन ठेवला नाही. आपली माणसं तिथे पोचेपर्यंत त्या त्याला गाईचं, शेजारच्यांचं, चुलत बहिणीच्या साखरपुड्याचं सांगत राहिल्या. सोनबा तोवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. दार उघडल्याचा आवाज फोनमधून आम्हाला ऐकू आला.

मी बाहेर पडले, गाडी सुरू करणार तोच त्याचा मेसेज आला. 'तुमच्यावर विश्वास ठेवला होता.' एवढंच. त्यानंतर माझा फोन त्याला लागत नाही.

कारखान्याच्या भिंतीपाशी उभी राहून मी ते वाचलं आणि मला तू दिसलीस. अण्णांना फोन करून झाल्यावर तूही अशीच कुठेतरी उभी राहिली असशील. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, नाहीतर खाली ट्रामच्या थांब्यावर. त्या संध्याकाळी तू जेवलीस का? तुझी परीक्षा होती. ती सोडून तू माझ्या शेजारी विमानात बसून मुंबईपर्यंत आलीस, आणि मी तुझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसले. तू आमच्याकडे दोन दिवस राहिलीस. आईने तुझ्यासाठी धपाटे केले. मी खोलीतून बाहेर आले नाही. मी आजारी होते, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. नंतर बरी झाले तशी दर वर्षी वाटायचं, आता लिहावं. पण जिच्याशी इतकी वर्षं बोलले नाही तिला एकदम काय लिहायचं, तेच कळत नव्हतं.

आई चहाला हाक मारते आहे. उरलेलं नंतर लिहिते.


गुरुवार, २० फेब्रुवारी

मोनिका, चार दिवस कागद तसाच राहिला. बरंच झालं, कारण सांगण्यासारखं बरंच घडलं.

प्रज्वल ठीक आहे. म्हणजे, ठीक होईल. त्या दोघांपैकी एक नाशिकचा आणि एक घानाची बाई. तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि पहिले काही दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं. विद्यापीठाने त्याला एका सत्राची सुट्टी दिली आहे, जागा राखून ठेवली आहे. मार्चच्या सुरुवातीला तो घरी येतोय, ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाईल. अशी सुट्टी मिळते हे आपल्या वेळी आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दिव्याताई आता ते पहिल्याच सत्रात सांगणार आहेत, कुकरच्याही आधी.

माझ्याशी तो अजून बोलत नाही.

काल शिवजयंतीची सुट्टी होती. दुपारी गिरजाबाई आणि सोनबा घरी आले, हरभऱ्याचे डहाळे घेऊन. मी म्हटलं, "मावशी, प्रज्वल माझ्यावर नाराज आहे." त्या म्हणाल्या, "त्यो बोलंल तवा बोलंल. त्याच्या वाटणीचं मी बोलाय आले." मग माझे दोन्ही हात हातात घेतले. "पोरी, तुझं लई उपकार झालं. माझं लेकरू जित्तं हाय." आणि तिथे, आमच्या हॉलमध्ये, त्या पहिल्यांदा रडल्या. आईही रडली. सोनबा आणि अण्णा उगाच टीव्हीकडे बघत बसले. तो बंद होता.

ते गेल्यावर मला वाटलं, माझ्या वाटणीचं तुझ्याशी कोण बोललं? कुणीच नाही. दिव्याताईंना फोन लावून मी तुझा पत्ता मागायला लागले. अण्णा हरभरा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाचा पत्ता? मोनिकाचा? माझ्याकडं हाय की."

मी फोन ठेवून दिला.

"तुमच्याकडे कसा?"

"तिला पोरगी झाली तवा तुझ्या आईनं दुपटं शिवून पाठवलं. म्हणून हाय." मग सावकाश एकेक बाहेर आलं. "दर दिवाळीला फोन लावतो तिला. तू औषधं घेतीस, तुला नोकरी लागली, तू त्या असोसिएशनमधी जायलीस, समदं सांगतो. जुलैमधलं बी सांगितलं. तू काय बोललीस ते. रडली ती."

"मला का नाही सांगितलंत?"

"तीच नको म्हणली. म्हणली, काका, तिला वाटंल तवा ती बोलंल. आभाराचं ओझं नका ठेवू तिच्यावर." मग हरभऱ्याची टरफलं गोळा करत, "मी मात्र मानतो आभार. दर वर्षी मानतो. बापानं मानायला पायजेत का नको?"

आईने आतून सांगितलं की तुझी लेक आता बालवाडीत जाते आणि तिला गूळ-शेंगदाणे आवडतात. म्हणजे या घरात तुझी खबर नसलेली मी एकटीच होते.

तेव्हा या पत्रातलं निम्मं तुला आधीपासून माहीत आहे. काल वाटलं, फाडून टाकावं. पण अण्णांनी तुला मी बरी आहे एवढंच कळवलं असेल. मी तुझी आभारी आहे, हे ते सांगू शकले नसतील. मी ते त्यांच्याजवळही कधी बोलले नव्हते.

म्हणून लिहिते. मोनिका, तू फोन केलास म्हणून मला आईची बोलणी खायला मिळाली. पहिल्या पगारात अण्णांना चष्मा घेता आला, जो ते अजून जपून ठेवतात आणि घालत नाहीत. पावसात अडकलेली कंपनीची बस मिळाली, बसमधल्या बायकांच्या गप्पा मिळाल्या, लिंबाचं सरबत गरम लागतं का विचारणारी मुलगी मिळाली. कधी कधी दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना मला भूक लागलेली असते, आणि मी दोन क्षण नुसती बसते. भूक लागणं केवढं चांगलं आहे, हे मी कुणाला सांगू? तुला सांगते.

मला तेव्हा वाटलं होतं तू माझा शब्द मोडलास. तू शब्द मोडलास आणि मला ठेवलंस. शपथ घातलेली असताना तो फोन करायला काय लागतं, हे मला महाळुंगेच्या त्या भिंतीपाशी कळलं. तू तर तेव्हा चोवीस वर्षांची होतीस, परक्या देशात, तुझ्या मदतीला कुठली असोसिएशनही नव्हती.

दिव्याताई म्हणतात, या जुलैच्या कार्यक्रमात एक नवा विषय घ्यायचा आहे. शेजारच्या खोलीत राहणाऱ्याने काय करावं. त्यांनी मला विचारलं, कोण बोलेल? मी म्हटलं, एक जण आहे, पण आधी मला तिच्याशी बोलावं लागेल. जुलैत तू माणला येणार असलीस तर ये. नसलीस तरी चालेल, आणि आलीस तरी कार्यक्रमात बोललंच पाहिजेस असं नाही. आमच्या घरी ये. या वेळी मी खोलीत बसणार नाही, दार मीच उघडीन.

तुझ्या लेकीचं नाव मी अण्णांना विचारलं नाही. ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

तुझ्या त्या फोनमुळे असलेली,
तनुजा